पिनमेकर्स लेनमध्ये ळ नव्हता

बंदराकडून ही गल्ली धापा टाकत चढते,
अर्ध्यावर थांबते, जिथे पूर्वी पाण्याचा हापसा होता,
आणि मग कॅथीड्रलकडे न जाता
डावीकडे, पबच्या दारात शिरते.
ब्रिस्टलच्या जुन्या गल्ल्यांना वळणच तसं.

नऊ नंबरवर निळी पाटी:
कवी ॲम्ब्रोज टिलिंग इथे राहत असे.
राहत असे म्हणजे भाडं थकवत असे.
हंसांवर त्याची चाळीस कडवी आहेत
आणि घरमालकिणीवर एक.
लोक पाटीखाली फोटो काढतात.
मी सगळी वाचली, एका फेब्रुवारीत
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा.
घरमालकिणीवरचं बरं आहे.

समोरच्या भिंतीवर पाटी नाही,
स्क्रूंची चार भोकं आहेत.
साखरेच्या व्यापाऱ्याचं नाव होतं तिथे.
ऊस कुणी तोडला, कुणाची पाठ सोलली,
ते पाटीवर नव्हतं; आता पाटीच नाही.
भोकांत पाणी मुरतं,
भिंत तेवढीच ओली राहते, उन्हाळ्यातही.

चौदानंतर एकदम अठरा. सोळा एका रात्रीत गेला, युद्धात.

माझं चष्म्याचं दुकान अकराला.
मार्चमध्ये तळघरात नळ फुटला, फरशी उचलावी लागली.
प्लंबर डेक्लन वर आला,
तळहातावर चिखल, चिखलात शिशाचे खिळे.
'तुमच्या भाषेतलं दिसतंय हे.'
कशावरून? म्हणाला, 'डोक्यावर रेघ आहे.'

उलटा म. उलटा भ. मोडकी एक वेलांटी.
धुतले, डोळे तपासायच्या दिव्याखाली मांडले,
आरशात धरले तेव्हा सुलटे झाले,
शाळेत उशिरा पोचलेल्या पोरांसारखे निमूट.

पुढचं अभिलेखागारातल्या मिसेस ऑगरनी शोधलं:
देवीच्या लशीचं आठ पानी पत्रक,
मुंबईला धाडायचं म्हणून इथे, अकराला, छापलेलं.
खिळेजुळारी सायलस पेनगेली.
मराठीचा एक शब्द येत नसलेला माणूस,
नुसते आकार बघून ओळी लावत गेला
दिवसभर, आणि मेणबत्तीवर नंतर.
त्याच्या खणांत ळ नव्हता.
ओतायचा राहिला असेल, वाटेत सांडला असेल.
त्याने शेजारचा ल बसवला. कोण बघतंय.

म्हणून त्या पत्रकात बाळाला बालाला म्हणतात,
डोळे डोले झालेत,
रोगाचं मूळ हे रोगाचं मूल,
विहिरीतला गाळ कुणाचा तरी गाल,
वेळ वाया जात नाही, वेल जातो.
आणि काळ, जिथे जिथे आला तिथे,
कालच.

मी हसलो. मिसेस ऑगरनी चष्म्यावरून पाहिलं.
समजावायला गेलो,
तर दोन्ही त्यांना एकच ऐकू आले.

नोव्हेंबर होता. दुकान बंद करायच्या सुमाराला मुलगी आली,
दप्तर काउंटरवर टाकलं.
नऊ वर्षांची. कमळजा.
शाळेत कॅमी. घरी विचारलं तर, कमलजा.
नाव ठेवताना हा विचारच केला नव्हता आम्ही.
जीभ मागे वळव, मी सांगत आलोय, टाळूला लाव.
टालूला, म्हणते ती, आणि वैतागते.
त्या दिवशी नाही सांगितलं.
खिळे तिच्यापुढे ओतले. तोंडात घालू नकोस एवढंच.

तिने रांग लावली, वेलांटी आडवी ठेवून.
'एक कमी आहे ना यात?'
हो म्हटलं.
काचेवर वाफ धरली होती. तिच्यावर बोटाने
दोन पोटांचा ळ काढला, आतून,
आणि सांगितलं, बाहेरून बघ, उलटा दिसेल.

ती रस्त्यावर पळाली.
टिलिंगच्या पाटीखाली कुणी छत्री मिटत होतं.
कपाळ काचेला टेकवून बराच वेळ बघत राहिली,
मग ओरडली, गल्लीभर ऐकू जाईल असं:
'बाबा, तसाच आहे!
जवलजवल!'